पाकळीच्या मागची चेरी

'चेरी ब्लॉसम' नावाचं एकच एक झाड नसतं. फुलांसाठी लावल्या जाणाऱ्या चेरीचे एकट्या जपानमध्ये शेकडो प्रकार आहेत. त्यातली एखादी खांबासारखी सरळ वर जाते आणि तिला दोन-तीन मीटर जागा पुरते. दुसरी अंगणभर हातपाय पसरते आणि शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे पोचते. एक मार्चच्या मध्यावर फुलते, एक मेच्या तोंडावर. अमेरिकेतल्या एडिसनला किंवा इंग्लंडमधल्या रेडिंगला नवं घर घेतलेल्या माणसाने रोपवाटिकेत जाऊन नुसतं 'चेरी ब्लॉसम द्या' म्हटलं, तर जे शिल्लक असेल ते गाडीत चढतं आणि पुढची वीस वर्षं तेच सांभाळावं लागतं. म्हणून आधी ओळख, मग लागवड. आणि ओळख पटवायला ज्या रंगावर सगळ्यांची नजर जाते, त्या रंगाचा उपयोग सर्वांत कमी.

पहिला प्रश्न, समोरचं झाड मुळात चेरी आहे का. तो खोडापाशीच सुटतो. चेरीच्या सालीवर आडव्या, किंचित उचललेल्या रेषा असतात. साल त्यांतूनच श्वास घेते. जुन्या खोडावर भेगा पडून त्या हरवतात, पण वरच्या फांद्यांवर नक्की सापडतात. मग फुलाकडे या. चेरीच्या एकेका कळीतून दोन ते पाच फुलं निघतात, प्रत्येकाला लांब देठ असतो आणि पाकळीच्या टोकाला बारीकशी खाच असते. प्लमची पाकळी गोल, खाच नसलेली, आणि देठ आखूड. पीचचं फूल तर फांदीला चिकटूनच बसतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फेब्रुवारीतच फुलणारी, जांभळ्या पानांची झाडं बहुतेक करून प्लमची असतात आणि लोक त्यांनाच चेरी समजतात. पूर्वेकडे मार्चअखेर रस्त्याकडेला पांढरीशुभ्र होणारी शेलाटी झाडं बरेचदा कॅलरी पेअर या शोभेच्या नासपतीची निघतात. त्यांच्या फुलांना उग्र वास असतो, परागकोश काळपट लाल असतात आणि फुलाच्या मध्यावर दोन ते पाच हिरवे दांडे दिसतात. चेरीच्या एकेरी फुलात असा दांडा एकच. ही एक खूण पाठ झाली तरी निम्मा गोंधळ मिटतो. फुलं नसतील तेव्हा पान उलटसुलट करून बघावं: देठावर, पात्याच्या जरा खाली, मोहरीएवढ्या दोन लालसर गाठी असतात. त्यांतून गोड रस पाझरतो आणि त्यावर मुंग्या येतात.

चेरी आहे हे ठरलं की कोणती चेरी, हा खरा रंगतदार भाग सुरू होतो. गळून पडलेलं एखादं फूल देठासकट उचला आणि उलटं करा. पाकळ्या विसरा. पाकळ्यांना धरून ठेवणारी जी छोटी नळी आहे ती बघा. सोमेई-योशिनो (पुढे नुसती योशिनो) या जातीची नळी सडपातळ, तांबूस आणि अंगभर बारीक लव असलेली. देठावरही तशीच लव. हिगान चेरीची नळी बुडाशी फुगीर आणि गळ्याशी आवळलेली असते, लहानशा सुरईसारखी. झुकत्या फांद्यांची जी चेरी तळ्याकाठी पाहून लोक हरखतात ती बहुधा हिगानच्याच घराण्यातली असते, आणि तिचा वृक्ष आडवातिडवा कसाही वाढलेला असला तरी ही फुगीर नळी तिची ओळख सांगते. ओशिमा चेरीची नळी मात्र गुळगुळीत, लव अजिबात नाही. तिच्यापासून जपानी बागांमध्ये शेकडो वर्षांत निवडल्या गेलेल्या दुहेरी फुलांच्या जातींतही हा गुळगुळीतपणा उतरला आहे. त्यांच्या पानांच्या कडेचे दातेही बघण्यासारखे असतात: प्रत्येक दात्याचं टोक केसासारखं लांबतं. शिरोताए या पांढऱ्या, आडव्या पसरणाऱ्या चेरीत तर पानाला झालर लावल्यासारखी वाटते.

दुहेरी गुलाबी चेरी दिसली की नव्वद टक्के लोक 'कान्झान' म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं, कारण सगळ्यात जास्त लावली जाते तीच. पण फुगेन्झो ही तिची जुनी नातेवाईक तिच्याशी फार सारखी दिसते. दोघींच्या फुलांत मधोमध दांड्याच्या जागी दोन इवलीशी हिरवी पानं असतात. फूल हलकेच उकलून पाकळ्या बाजूला सारल्या की ती दिसतात; कडांना दाते असलेली, अगदी पूर्ण घडलेली पानं. ज्या भागातून फळ धरायचं तोच पानांत बदलल्यामुळे या झाडांना फळ धरत नाही. पुंकेसरांच्याही पाकळ्या झालेल्या असतात. वीस-तीस पाकळ्यांचा गेंद होतो तो त्यामुळे. मग दोघींत फरक कुठे? कान्झानच्या फांद्या तरुणपणी फुलदाणीसारख्या वर फाकतात, फुलं गडद गुलाबी असतात आणि आधी येतात. फुगेन्झोचा माथा सपाट, फांद्या खाली वाकलेल्या, फुलं फिकट होत जाणारी आणि हंगामाच्या शेवटी येणारी. फुलामागच्या हिरव्या निदलांची कड फुगेन्झोत दातेरी असते. झाड लहान असेल तर आकारावरून काही कळत नाही, तेव्हा हीच खूण कामी येते.

फुलताना पानं कशी आहेत तेही टिपून ठेवावं. योशिनो पूर्ण निष्पर्ण असताना फुलते, म्हणून ती ढगासारखी पांढुरकी दिसते. कान्झानची कोवळी पानं ब्राँझच्या रंगाची आणि फुलांबरोबरच येणारी. ताईहाकूची पानं तांबडी आणि फुलं एकेरी, पांढरीशुभ्र, जवळजवळ सहा सेंटिमीटर रुंद. एवढं मोठं एकेरी फूल चेरीत क्वचित दिसतं. जपानमध्ये ही ताईहाकू नाहीशी झाली असं मानलं जात होतं. १९२३ मध्ये कॉलिंगवूड इंग्रॅम या इंग्रज वनस्पतीप्रेमीला ससेक्समधल्या एका बागेत तिचं मरायला टेकलेलं झाड सापडलं. त्याने काड्या आणून कलमं बांधली आणि १९३२ मध्ये ती जपानला परत पोचवली. आज जगात कुठेही दिसणारी ताईहाकू त्या एका झाडाच्या काड्यांतून आलेली आहे.

चेरीचं सगळं शास्त्र या काडीभोवती फिरतं. सोमेई-योशिनो ही आजच्या टोकियोतल्या सोमेई नावाच्या वस्तीतल्या माळ्यांनी एदो काळाच्या अखेरीस, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, प्रसारात आणलेली जात. ओशिमा आणि हिगान या दोन चेरींचा तो संकर. तिचं प्रत्येक झाड दुसऱ्याची हुबेहूब नक्कल असतं, कारण ती केवळ कलमाने वाढवली जाते. स्वतःच्या परागाने तिला बी धरत नाही, आणि दुसऱ्या चेरीच्या परागाने धरलेल्या बीतून योशिनो उगवत नाही. देवगडच्या हापूसची कोय पेरून हापूस मिळेल याची जशी खात्री देता येत नाही, तसंच हे. तरीही ऑनलाइन बाजारात 'साकुरा सीड्स' म्हणजे जपानी चेरीची बियाणी विकली जातात, निळ्या फुलांच्या चित्रांसकट. निळी चेरी अस्तित्वात नाही. हे पैसे वाया जातात हे स्पष्ट सांगायला हवं.

एकाच झाडाच्या नकला असल्यामुळेच एका रस्त्यावरच्या हजार योशिनो एकाच आठवड्यात फुलतात. त्यांचं वेळापत्रक तापमानावर चालतं. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात, शिशिरात झोपतात, आणि काही आठवडे ७ अंश सेल्सिअसच्या आसपासची किंवा त्याखालची थंडी मिळाल्यावरच त्यांची झोप मोडते. पुढे ऊब लागते. टोकियोसाठी एक ठोकताळा सांगतात: १ फेब्रुवारीपासून रोजचं सरासरी तापमान बेरजेत घेत गेलं की बेरीज ४०० अंशांच्या आसपास पोचते तेव्हा पहिली फुलं उमलतात. जपानच्या हवामान खात्याने प्रत्येक भागात एक ठरावीक झाड नेमलेलं आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. वॉशिंग्टनला ७० टक्के योशिनो फुलं उमललेला दिवस हा बहराचा कळस धरतात आणि कान्झान त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी फुलते. क्योतोच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापर्यंत मागे जातात आणि २०२१ मध्ये तिथला पूर्ण बहर २६ मार्चलाच आला; एवढ्या जुन्या नोंदींत इतकी लवकरची तारीख नव्हती. चेरी लावणाऱ्याने ही गोष्ट मनावर घ्यायला हवी. हिवाळे उबदार होत जाणाऱ्या भागात थंडीची फार भूक असलेली जात निवडू नये.

याच थंडीच्या अभावी महाराष्ट्रात योशिनो होत नाही. मुंबईत तर प्रश्नच नाही; महाबळेश्वरचा गारवाही अपुरा, आणि तिथला चार महिन्यांचा पाऊस चेरीच्या मुळांना सोसणारा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला जी गुलाबी झाडं फुलतात त्यांना 'मुंबईची चेरी' म्हणतात, पण तो गुलाबी टॅबेबुया, मूळचा मध्य अमेरिकेकडचा. फूल हातात घेतलं की शंका उरत नाही: पाकळ्या सुट्या नसतात, जुळून कर्णा झालेला असतो, आणि पान पंजासारखं पाच पर्णिकांचं. सह्याद्रीच्या पायथ्याशी फुलणारा ग्लिरिसिडिया तर वाटाण्याच्या कुळातला. दोन्ही झाडं देखणी आहेत, ती त्यांच्या नावानेच ओळखावीत. भारताची स्वतःची चेरी हिमालयात आणि ईशान्येत आहे. आयुर्वेदात पद्मकाष्ठ म्हणतात तेच झाड. शिलाँगला ते नोव्हेंबरात फुलतं. जगातल्या बहुतेक चेरी वसंताची वाट बघत असताना ही पानगळीच्या तोंडावर गुलाबी होते. ती रानटी जात असल्याने बीपासूनही वाढते.

आता लागवडीकडे. रोप घेताना सगळ्यात आधी कलमाचा सांधा शोधा. खोडावर एक गाठ किंवा जाडीतला फरक दिसतो. कधी तो जमिनीलगत असतो, कधी दीड मीटर उंचीवर. वर हवी ती जात, खाली खुंट, बहुधा रानटी गोड चेरीचा. सांध्याखालून फुटलेला प्रत्येक कोंब खुंटाचा आहे. तो कोवळा असतानाच मुळापासून ओढून काढावा. ठेवला तर जोर धरतो आणि काही वर्षांत गुलाबी झाडाची एक बाजू एकेरी पांढऱ्या फुलांची होते. मग लोक म्हणतात 'झाड उलटलं'. उलटत काही नाही, खुंट वरचढ होतो. उंचावर कलम केलेल्या झुकत्या चेरीत माथ्यातून सरळ वर जाणारी फूटही अशीच काढावी लागते.

जागा उन्हाची हवी, दिवसाचं किमान सहा तास ऊन. पण उन्हापेक्षा निचरा महत्त्वाचा. चेरी मरते ती बहुतेक वेळा पाण्याअभावी नाही, मुळाशी साचलेल्या पाण्याने. तपासणी सोपी आहे: ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा हळू उतरत असेल तर ती जागा सोडा, किंवा माती उंच करून उंचवट्यावर लावा. नव्या वसाहतींत ही अडचण फार येते, कारण बांधकामाच्या यंत्रांनी माती दाबून विटेसारखी केलेली असते आणि वर चार बोटं चांगली माती पसरून हिरवळ अंथरलेली असते.

लावायची वेळ म्हणजे पानगळ झाल्यावर, जमीन गोठण्याआधी, किंवा वसंताच्या सुरुवातीला. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन ते तीन पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. खोल खड्डा करून तळाला शेणखत भरण्याची आपल्याकडची सवय इथे घातक आहे. खत कुजतं, माती बसते आणि झाड खाली जातं. खोड जिथे रुंदावून मुळांत शिरतं तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. रोपवाटिकेतल्या कुंडीत तो बरेचदा मातीखाली गाडलेला असतो, म्हणून वरची माती बोटांनी उकरून तो शोधा. चिकणमातीत तो दोन-तीन सेंटिमीटर उंचच ठेवावा. गोणपाट, तार, दोरी सगळं काढा. कुंडीच्या आकारात गोल फिरलेली मुळं कात्रीने कापा, नाहीतर दहा वर्षांनी तीच खोडाला फास लावतात. खड्डा खणून निघालेल्या मातीनेच भरा. वर पाच-सात सेंटिमीटर लाकडाच्या भुशाचं किंवा पानांचं आच्छादन घाला, पण खोडापासून दहा सेंटिमीटर दूर. अमेरिकेत खोडाला चिकटून भुशाचा डोंगर रचण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने साल कायम ओली राहते आणि कुजते.

पहिली दोन वर्षं पाऊस नसलेल्या आठवड्यात, खोडाच्या जाडीच्या प्रत्येक अडीच सेंटिमीटरमागे साधारण ४० लिटर पाणी सावकाश सोडावं. रोज थोडं थोडं नको; त्याने मुळं वरच्या थरातच राहतात. बोट किंवा काठी दहा-पंधरा सेंटिमीटर खाली घालून ओल बघावी आणि मगच पाणी द्यावं. पहिल्या वर्षी खत देऊ नये. नत्र जास्त झालं तर लुसलुशीत फूट येते आणि रोगाला आयतं घर मिळतं. खोडाभोवती एक मीटरचं वर्तुळ गवतमुक्त ठेवा, कारण हिरवळ कापणाऱ्या यंत्राची दोरी खोडाला लागली की चेरीची पातळ साल लगेच फाटते. कितीतरी चेरी अशा एका फटक्याने सुरू झालेल्या रोगाने गेल्या आहेत.

छाटणीबद्दल जपानमध्ये एक म्हण आहे: चेरी कापणारा मूर्ख, आणि उमे न कापणाराही मूर्ख. उमे म्हणजे तिकडचं, जर्दाळूच्या जवळचं फुलझाड. म्हणीत तथ्य आहे. चेरीची जखम हळू भरते आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ती वाट होते. पण जपानच्या होन्शू या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाकडे हिरोसाकी या गावच्या किल्ल्यातली झाडं वेगळी साक्ष देतात. तो सफरचंदांचा मुलूख. तिथल्या माळ्यांनी सफरचंदाच्या छाटणीचं कसब योशिनोवर वापरलं: वाळलेली, आजारी, एकमेकींवर घासणारी फांदी वेळेवर काढायची आणि झाडाला नवी फूट घ्यायला लावायचं. योशिनोचं आयुष्य साठ वर्षांचं असं सगळीकडे सांगितलं जातं. हिरोसाकीत १८८२ साली लावलेली योशिनो अजून फुलते आणि शंभरी ओलांडलेली झाडं तिथे शेकड्यांत मोजावी लागतात. त्यामुळे मला वाटतं की म्हणीचा अर्थ 'कापू नका' एवढाच घेऊ नये. फांदी बोटाएवढी असतानाच निर्णय घ्या, मनगटाएवढी होऊ देऊ नका. छाटणी फुलं गळल्यावर, उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या कोरड्या दिवसांत. पावसाळी हवेत आणि हिवाळ्यात सिल्व्हर लीफ या पानं रुपेरी करणाऱ्या रोगाची बुरशी आणि कॅन्कर या साल मारणाऱ्या रोगाचे जिवाणू ताज्या जखमेतून आत जातात. भर उन्हाळ्यानंतर कापलं तर पुढच्या वर्षीच्या कळ्या जातात. काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा. कडं कापू नये, खुंटीही ठेवू नये. जखमेला रंग फासू नये, त्याने ओल आत कोंडते.

चेरीच्या खोडावर डिंक दिसला की लोक घाबरतात. डिंक हा स्वतः रोग नव्हे, तक्रार आहे, आणि ती कशाची हे त्या डिंकाकडे नीट बघून कळतं. स्वच्छ, मधाच्या रंगाचा डिंक खरचटल्याचा, साचल्या पाण्याचा किंवा कॅन्करचा असू शकतो. भोवतीची साल खोलगट आणि काळपट पडली असेल आणि वरची फांदी वसंतात फुटलीच नसेल तर कॅन्कर समजावा आणि कोरड्या दिवशी निरोगी लाकडापर्यंत कापून काढावा. जमिनीलगतच्या डिंकात लाकडाचा भुसा मिसळला असेल तर आत खोडकिडा आहे. जपानमध्ये २०१२ पासून लाल मानेच्या मोठ्या भुंग्याने योशिनोंचं मोठं नुकसान केलं आहे. त्याच्या अळ्यांचा भुसा झाडाखाली ढिगाने पडतो. पानांना छर्रे लागल्यासारखी भोकं पडून ती ऑगस्टमध्येच गळली तर ते बुरशीचं काम, आणि खाली पडलेली पानं गोळा करून हलवणं हा त्यावरचा पहिला उपाय. योशिनोवर कधीकधी एका जागी काटक्यांचा झुपका वाढतो. बहरात बाकी झाड पांढरं आणि तो झुपका हिरवा, बिनफुलांचा. तीही बुरशी. तो तसाच राहिला तर वर्षागणिक वाढतो, म्हणून झाड झोपेत असताना, कोरडा दिवस बघून, तेवढा भाग कापून जाळावा. छाटणीला हिवाळा वर्ज्य, या नियमाला हा एक अपवाद.

या कीडरोगांमुळेच काडी किंवा रोप सामानात घालून देशोदेशी नेऊ नये. टोकियोने वॉशिंग्टनला पाठवलेली पहिली २,००० झाडं १९१० मध्ये किडींनी आणि सूत्रकृमींनी भरलेली निघाली आणि ती जाळावी लागली. १९१२ मध्ये पुन्हा ३,०२० झाडं गेली, ती निरोगी रोपांतून जपून तयार केलेली. वॉशिंग्टनमधल्या पोटोमॅक नदीच्या काठचा आजचा देखावा त्या दुसऱ्या खेपेपासूनचा.

जुनी चेरी गेली तर त्याच खड्ड्यात नवी चेरी लावू नये. मेलेल्या मुळांवरचे सूक्ष्मजीव मातीत वर्षानुवर्षं राहतात आणि नव्या रोपाची बारीक मुळं खाऊन टाकतात. रोप मरत नाही, पण वाढतही नाही. चार-पाच मीटर सरकून लावा. तेवढी जागा नसेल तर अर्धा मीटर खोल आणि मीटरभर रुंद माती बदलावी लागते, किंवा कुळच बदलावं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असाल तर तिथली रेडबड किंवा डॉगवूड लावा; दोन्ही तिथल्याच मातीतली आहेत, आणि योशिनोचा बहर ओसरत आला की एप्रिलमध्येच फुलू लागतात.